सुगंधी तेलाचा थेंब आतड्यापर्यंत

पशुखाद्यात वनस्पतींची बाष्पनशील तेले मिसळण्याच्या संशोधनाला गेल्या काही दशकांत जी गती आली, तिचे कारण या तेलांच्या गुणांत जेवढे आहे, तेवढेच प्रतिजैविकांच्या इतिहासातही आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत असताना, क्लोरटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या किण्वनातून उरलेला चोथा खाणारी कोंबडीची पिल्ले अपेक्षेपेक्षा वेगाने वाढतात असे त्यांना आढळले, आणि तेव्हापासून आजार नसतानाही अत्यल्प मात्रेत प्रतिजैविक चारण्याची पद्धत जगभर रूढ झाली. या पद्धतीमुळे औषधांना न जुमानणारे जिवाणू पोसले जातात हे जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसे निर्बंधही आले. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, 1 जानेवारी 2006 पासून संपूर्ण युरोपीय संघाने तेच केले, आणि भारत सरकारने जुलै 2019 मध्ये कोलिस्टिन या माणसांसाठी अखेरच्या उपायांपैकी एक मानल्या जाणाऱ्या औषधाचा खाद्यप्राण्यांमधील वापर थांबवला. मात्र बंदीने गरज संपत नाही. डेन्मार्कमध्ये दूध तोडलेल्या डुकरांच्या पिल्लांना वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके बंद झाल्यावर हगवणीचे प्रमाण वाढले आणि उपचारासाठी लागणारी औषधे काही काळ अधिक वापरावी लागली. आतड्यातील उपद्रवी जिवाणूंना आवर घालणारा दुसरा काही उपाय हवा होता, आणि त्या शोधात ओवा, लवंग, दालचिनी, ओरेगॅनो यांच्या तेलांकडे लक्ष गेले.

बाष्पनशील तेले ही नावाने तेले असली तरी शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाशी त्यांचे रासायनिक नाते नाही. खाद्यतेल हे मेदाम्लांचे बनलेले, जड आणि न उडणारे असते. बाष्पनशील तेल हे वाफेवर ऊर्ध्वपातन करून मिळवलेल्या, छोट्या रेणूंच्या, हवेत सहज उडणाऱ्या अनेक संयुगांचे मिश्रण असते. ओव्याच्या तेलात थायमॉल, ओरेगॅनोच्या तेलात कार्व्हॅक्रॉल, लवंगेच्या तेलात युजेनॉल आणि दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनमाल्डिहाइड हे मुख्य घटक असतात. थायमॉल साधारण 50 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ओव्याचे तेल थंड झाले की त्यात स्फटिक धरतात. घरोघरी ओव्याचे फूल म्हणून ओळखला जाणारा पदार्थ तो हाच. जनावराला पोटफुगी झाली की गोडेतेलात ओवा-हिंग घालून पाजण्याचा प्रघात महाराष्ट्रातल्या गावांत जुना आहे. अडलेल्या एका जनावराला एकदा पाजणे आणि हजारो पक्ष्यांना रोज खाद्यातून मोजून देणे ही कामे मात्र फार वेगळी आहेत, आणि या प्रकरणाचा विषय दुसऱ्या कामाचा आहे.

जिवाणूवर या संयुगांचा परिणाम मुख्यतः त्याच्या पेशीपटलावर होतो. पेशीपटल म्हणजे पेशीच्या आतले आणि बाहेरचे जग वेगळे ठेवणारा, मेदासारख्या रेणूंचा दुपदरी पापुद्रा. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल यांना पाण्यापेक्षा मेद जवळचा वाटतो, म्हणून ते या पापुद्र्यात शिरून बसतात. पापुद्रा सैल होतो, पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपतात, प्रोटॉनचा आतबाहेरचा फरक ढासळतो आणि त्या फरकावर चालणारी पेशीची ऊर्जानिर्मिती थांबते. एकाच ठरावीक प्रथिनाला नेमके जाऊन चिकटणाऱ्या प्रतिजैविकापेक्षा हा मार छोट्या अंगाने पण अनेक ठिकाणी बसतो, त्यामुळे जिवाणूंना त्याविरुद्ध प्रतिकार उभारणे कठीण जाते असे मानले जाते. परंतु त्यासाठी लागणारी मात्राही प्रतिजैविकापेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच गोष्टीत आहे.

खाद्यात तेल सरळ ओतले तर काय होते, हे आधी पाहणे आवश्यक आहे. एका टन खाद्यात 100 ग्रॅम तेल घालायचे म्हटल्यास ते मका आणि सोयाबीन पेंडीच्या ढिगात सारखे पसरणे अवघड जाते. काही कण तेलाने भिजतात, बाकीचे कोरडे राहतात. साठवणीत ते उडत राहते, हवेतील प्राणवायूने बिघडते, आणि त्याचा उग्र वास मात्रा वाढताच जनावराला खाद्यापासून दूर लोटू शकतो. ब्रॉयलरच्या खाद्याच्या गोळ्या पाडताना मिश्रणावर वाफ सोडून ते 70 ते 90 अंशांपर्यंत तापवले जाते. त्या वाफेबरोबर तेलाचा काही हिस्सा कारखान्याच्या हवेत निघून जातो. शिवाय पोटातला सारा मजकूर पाणीदार असतो, आणि थायमॉल पाण्यात लिटरमागे साधारण एक ग्रॅम एवढेच विरघळते. जिवाणू पाण्यात आणि औषध तेलात, अशी ही फारकत आहे.

ती मिटवण्याचा एक मार्ग म्हणजे इमल्शन, म्हणजेच पायस: एका द्रवात दुसऱ्या, न मिसळणाऱ्या द्रवाचे बारीक थेंब पसरवून केलेले मिश्रण. दूध हे त्याचे रोजच्या वापरातले रूप. दुधातले स्निग्ध थेंब साधारण काही हजार नॅनोमीटर व्यासाचे असतात. नॅनोइमल्शनमधले थेंब 20 ते 200 नॅनोमीटरचे, म्हणजे सुमारे 2,000 नॅनोमीटर लांबीच्या ई. कोलाय जिवाणूच्याही मानाने बरेच लहान. या आकाराचा अर्थ आकड्यांत पाहणे उपयोगी पडेल. एक मिलिलिटर तेल 10 मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत विभागले तर सर्व थेंबांचा मिळून पृष्ठभाग 0.6 चौरस मीटर होतो. तेच तेल 100 नॅनोमीटरच्या थेंबांत विभागले तर तो 60 चौरस मीटर, म्हणजे एका लहान सदनिकेच्या जमिनीएवढा होतो, आणि थेंबांची संख्या पद्माच्याही पुढे जाते. एवढा पृष्ठभाग उघडा राहू शकत नाही. थेंब एकमेकांत मिसळून पुन्हा मोठे होऊ पाहतात. म्हणून त्यावर पायसकारकाचा थर द्यावा लागतो. पायसकारक म्हणजे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ठेवून मधल्या सीमेवर उभा राहणारा रेणू. चौरस मीटरला एक-दोन मिलिग्रॅम धरले तरी एका मिलिलिटर तेलामागे सुमारे 100 मिलिग्रॅम पायसकारक केवळ पृष्ठभाग झाकण्यात खर्ची पडतो.

कोणता पायसकारक निवडावा याला पहिली दिशा 1949 मध्ये अमेरिकेच्या विल्यम ग्रिफिन यांनी मांडलेल्या एका अंकश्रेणीने दिली. रेणूची पाण्याकडची आणि तेलाकडची ओढ तोलून त्याला एक अंक दिला जातो. अंक जितका मोठा तितका तो पाण्याकडे झुकलेला. पाण्यात तेल पसरवण्यासाठी ट्वीन 80, ज्याचा अंक 15 आहे, सर्वाधिक वापरला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि आम्लात, खारट किंवा जड पाण्यातही फारसा डगमगत नाही. सोयाबीनचे लेसिथिन, चिली देशातील क्विलाया झाडाच्या सालीतील सॅपोनिन, डिंक आणि दुधाच्या निवळीतील प्रथिने हेही पर्याय आहेत. प्रथिनांची अडचण अशी की त्यांच्यावरचा विद्युतभार सामू पाचच्या आसपास शून्य होतो. कोंबडीच्या अन्नपिशवीचा सामू याच पट्ट्यात असतो, आणि तिथे थेंब एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होण्याचा धोका राहतो. बाटलीत महिनोन् महिने देखणे राहणारे इमल्शन पक्ष्याच्या गळ्याखाली उतरताच विस्कटू शकते ते अशा कारणांनी.

थेंब लहान करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला बळाचा: तेल, पाणी आणि पायसकारक यांचे ओबडधोबड मिश्रण शेकडो ते हजार-दीड हजार बार दाबाने अरुंद फटीतून रेटणे, किंवा त्यात सेकंदाला 20,000 कंपनांचा ध्वनी सोडणे. इतका जोर लागण्याचे कारण थेंबाच्या आतल्या दाबात आहे: 100 नॅनोमीटरच्या थेंबाच्या पोटातला दाब, पायसकारकाचा थर असतानाही, बाहेरच्यापेक्षा सुमारे दोन वातावरणांएवढा जास्त असू शकतो, आणि असा घट्ट थेंब आणखी फोडायचा म्हणजे त्याहून मोठा झटका द्यावा लागतो. ध्वनीने केलेले काम डोळ्यांना दिसते. पाच भाग लवंग तेल, पाच भाग ट्वीन 80 आणि नव्वद भाग पाणी ढवळले की आधी दाट पांढरे मिश्रण होते. बर्फात ठेवलेल्या भांड्यात ध्वनीची शलाका बुडवून काही मिनिटे चालवली की पांढरेपणा विरळ होत जातो, कडेला निळसर झाक येते आणि अखेर भांड्यापलीकडची अक्षरे वाचता येऊ लागतात. थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान झाले की ते प्रकाश फारसा विखुरत नाहीत, आणि जो विखुरतात त्यात निळा अधिक असतो. बर्फाची गरज यासाठी की शलाका मिश्रण तापवते, आणि उडणारे तेल तापवणे म्हणजे ज्याला जपायचे तेच घालवणे. दुसरा मार्ग युक्तीचा: तेल आणि पायसकारक आधी एकजीव करून ते पाण्यात हळूहळू सोडले, किंवा काही पायसकारक विशिष्ट तापमानाला आपली ओढ पाण्याकडून तेलाकडे बदलतात याचा फायदा घेऊन मिश्रण तापवून झटकन थंड केले, तर यंत्राशिवायही सूक्ष्म थेंब तयार होतात. यात पायसकारक बराच जास्त लागतो, आणि पशुखाद्यासारख्या रुपया-पैशावर चालणाऱ्या धंद्यात तो हिशेब आधी मांडावा लागतो.

थेंब तयार होणे हे अर्धेच काम. ते तसेच राहिले पाहिजेत. नॅनोइमल्शन हे ऊर्जेच्या दृष्टीने स्थिर नसते, केवळ त्याचा बिघाड मंद असतो. बाष्पनशील तेलांच्या बाबतीत सर्वांत त्रासदायक बिघाड ऑस्टवाल्ड पक्वन या नावाने ओळखला जातो. लहान थेंबातले रेणू मोठ्या थेंबातल्यापेक्षा पाण्यात अधिक विरघळतात. ते पाण्यातून वाट काढत मोठ्या थेंबांत जाऊन बसतात, लहान थेंब झिजत नाहीसे होतात आणि मोठे फुगत जातात. खाद्यतेल पाण्यात जवळपास विरघळतच नसल्याने त्याला हा रोग जडत नाही, पण थायमॉलची लिटरमागे एक ग्रॅम ही विद्राव्यता त्याला पुरेशी असते. उपाय साधा आहे: बाष्पनशील तेलात थोडे मका तेल किंवा तत्सम जड तेल मिसळावे. लहान थेंबातून थायमॉल बाहेर पडू लागले की मागे राहिलेल्या मका तेलाचे प्रमाण वाढते, थायमॉलला परत आत ओढणारी शक्ती निर्माण होते आणि झीज थांबते. त्यातच थायमॉल विरघळून राहत असल्याने स्फटिक होण्याची भीतीही कमी होते. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर एकत्र केले की त्यांचा आपोआप द्रव होतो, त्यावरच अमृतधारा बेतलेली आहे, आणि घन थायमॉलला द्रवरूपात राखण्यासाठी हा वितळणांक उतरण्याचा गुणही उपयोगी आणता येतो. परंतु मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये थाइम तेलावर केलेल्या कामात दाखवले की, स्थैर्यासाठी मिसळलेल्या जड तेलाचे प्रमाण वाढवत नेले की जिवाणूंवरचा प्रभाव घटत जातो, कारण थायमॉल पाण्यात येण्याऐवजी त्या तेलातच रमते. टिकाऊपणा आणि परिणाम यांची ही ओढाताण कोणत्याही कृतीतून पूर्णपणे सुटलेली नाही.

इथेच या विषयातला एक फार पसरलेला गैरसमज तपासला पाहिजे. थेंब जितका लहान तितका तो जिवाणूला जास्त घातक, असे गृहीत धरून अनेक लेख लिहिले जातात, आणि विक्रीच्या पत्रकांत तर तो आकार ठळक टाइपात छापला जातो. जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठातून 2012 मध्येच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कार्व्हॅक्रॉल आणि युजेनॉल यांची वेगवेगळ्या आकारांच्या थेंबांची इमल्शने तपासली गेली, आणि तिथे मोठ्या थेंबांची इमल्शने अधिक प्रभावी ठरली. कारण समजण्यासारखे आहे. जिवाणूच्या पटलात शिरतो तो पाण्यात सुटा झालेला रेणू. थेंब लहान झाले की पृष्ठभाग प्रचंड वाढतो, आणि पायसकारकाने भरलेल्या त्या पृष्ठभागातच पुष्कळसे कार्व्हॅक्रॉल अडकून पडते. उरलेला जादा पायसकारक पाण्यात स्वतःचे सूक्ष्म पुंजके करून आणखी काही रेणू गिळून बसतो. इतर प्रयोगांत याउलट निष्कर्षही आले आहेत, कारण तेल, पायसकारक, जिवाणू आणि चाचणीचे माध्यम बदलले की तोलही बदलतो. म्हणून लहान आकाराचा खरा लाभ वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो: मिश्रण वर-खाली न होता एकसारखे राहणे, पाण्यात सहज मिसळणे, आणि एका टन खाद्यात वा एका टाकीत प्रत्येक घासाला, प्रत्येक घोटाला सारखी मात्रा मिळणे. हे लाभ छोटे नाहीत, पण त्यांना मारकशक्ती म्हणणे बरोबर नाही.

याहून खोल प्रश्न आतड्याचा आहे, आणि बाटलीतल्या मोजमापांच्या नादात तो वारंवार मागे पडतो. औषधशास्त्रात नॅनोइमल्शनची ख्याती आहे ती शोषण वाढवण्यासाठी: मेदात विरघळणारे औषध सूक्ष्म थेंबांतून दिले की ते लहान आतड्यातून रक्तात लवकर जाते. पशुखाद्यात मात्र उद्देश नेमका उलटा आहे. तेलाने रक्तात जाण्याऐवजी आतड्याच्या पोकळीत टिकून, ज्या भागात साल्मोनेला किंवा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स उपद्रव करतात तिथवर पोहोचणे अपेक्षित असते. बेल्जियममधील संशोधकांनी 2008 मध्ये डुकरांच्या पिल्लांवर दाखवून दिले की, कार्व्हॅक्रॉल, थायमॉल, युजेनॉल आणि सिनमाल्डिहाइड ही साधी दिली तर जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच जवळजवळ सगळी शोषली जातात. खालच्या आतड्यांत पोहोचते ते फारच थोडे. मग थेंब आणखी लहान करून, त्यात पचायला हलके तेल घालून, शोषण आणखी जलद करण्यात काय मिळवले? लायपेज हे मेद पचवणारे विकर आणि पित्त यांना 100 नॅनोमीटरचा थेंब म्हणजे सोपा घास. प्रचंड पृष्ठभागावर ते एकाच वेळी काम करतात.

म्हणून पशुखाद्यासाठीचे नॅनोइमल्शन ही अंतिम वस्तू न मानता मधली पायरी मानणे अधिक योग्य ठरते. थेंबावर कायटोसान आणि अल्जिनेट यांसारख्या विरुद्ध भाराच्या बहुशर्करांचे थर चढवता येतात. अल्जिनेट जठराच्या आम्लात घट्ट राहते आणि पुढे सामू वाढल्यावर सैल होते. इमल्शन अल्जिनेटच्या मण्यांत कोंडता येते, किंवा तेल उच्च वितळणांकाच्या वनस्पती मेदात गुंडाळून ते मेद आतड्यात हळूहळू पचू देता येते. यातला प्रत्येक थर खर्च वाढवतो, पण तो खर्च जिथे तेल सुटायला हवे त्या जागेसाठी असतो, आणि आकार आणखी वीस नॅनोमीटरने उतरवण्यावर खर्च करण्यापेक्षा तो सार्थकी लागतो.

खाद्य कोरडे असते ही साधी वस्तुस्थितीही आराखड्यात आधीपासून धरावी लागते. दहा टक्के तेलाचे इमल्शन टनाला एक लिटर टाकले तर खाद्यात 100 ग्रॅम तेल जाते आणि ओलावा फक्त 0.1 टक्क्याच्या आसपास वाढतो, त्यामुळे बुरशीची भीती नगण्य. पण वाहतुकीत प्रत्येक लिटरमागे नऊ दशांश पाणीच वाहून न्यावे लागते, आणि ते एक लिटर टनभर मालावर सारखे फवारणारे यंत्र लागते. गोळ्या पाडून थंड झाल्यावर फवारणी केली तर वाफेचा मार वाचतो. दुसरा पर्याय म्हणजे इमल्शनमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन किंवा बाभळीचा डिंक मिसळून ते 150 ते 180 अंशांच्या हवेच्या झोतात फवारून भुकटी करणे. पाणी क्षणात उडून जात असल्याने थेंबाभोवती कोरडे कवच बनते आणि आतले तेल बरेचसे वाचते. भुकटी पुन्हा ओली झाली की थेंब मोकळे होतात, मात्र ते मूळ आकाराचेच असतील अशी खात्री नसते, म्हणून आकार सुकवण्यापूर्वी मोजून भागत नाही, भुकटी पाण्यात विरघळवून पुन्हा मोजावा लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या पोत्याला जे तापमान सोसावे लागते, त्याची कसोटी प्रयोगशाळेतील 25 अंशांवरची साठवण घेऊ शकत नाही. 40 अंशांवरची चाचणी अशा मालासाठी किमान अट मानली पाहिजे.

नॅनोइमल्शन मूळ द्रवरूपात सर्वांत चांगले शोभते ते पिण्याच्या पाण्यात. आजारी पक्षी खाणे सोडतो पण पाणी पिणे सहसा लगेच सोडत नाही, आणि निपल लावलेल्या नळ्यांतून मोजून मात्रा देणारे यंत्र आता बहुतेक मोठ्या पोल्ट्रीत असते. मात्र तेलाचा आणि पायसकारकाचा अंश नळीच्या आतून चिकटला तर त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढू शकतो, म्हणून मात्रा संपल्यावर नळ्या धुणे हे कृतीचाच भाग म्हणून सांगावे लागते.

पायसकारक स्वतः निरुपद्रवी आहे हे गृहीत धरणेही आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये नेचर नियतकालिकात दाखवले की, पिण्याच्या पाण्यातून एक टक्का ट्वीन 80 घेणाऱ्या उंदरांच्या आतड्यांतील जिवाणूंची रचना बदलते, श्लेष्माचा थर पातळ होतो आणि सौम्य दाह टिकून राहतो. वर सांगितलेल्या मात्रेत टनाला 50 ते 100 ग्रॅम पायसकारक जातो, म्हणजे त्या प्रयोगापेक्षा शंभर-दोनशे पट कमी, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण आतड्याच्या आरोग्यासाठीच जे उत्पादन विकायचे, त्यातला आधारद्रव्याचा परिणाम वेगळा मोजलाच पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या बाबतीत, जिथे पहिल्या पोटातल्या जिवाणूंचे आंबवणे वळवून मिथेन कमी करण्यासाठी ही तेले वापरली जातात, तिथे आणखी एक अडथळा येतो: मोठ्या गाई-म्हशींत शंभर लिटरहूनही मोठ्या असणाऱ्या त्या पोटातले जिवाणू काही आठवड्यांत तेलाला सरावतात आणि सुरुवातीचा परिणाम ओसरतो.

या सर्वांतून एखाद्या नव्या इमल्शनची चाचणी कशी असावी, हे पुरेसे स्पष्ट होते. काहीही न दिलेला गट आणि इमल्शन दिलेला गट एवढीच तुलना केली तर फरक तेलाचा, थेंबाच्या आकाराचा की पायसकारकाचा, हे कळण्याची सोय राहत नाही. तेच तेल तेवढ्याच मात्रेत साधे मिसळलेला तिसरा गट आणि तेलाशिवायचे रिकामे इमल्शन दिलेला चौथा गट असल्याशिवाय नॅनो या विशेषणाला कोणताही पुरावा मिळत नाही. ओव्याच्या तेलातील थायमॉलचे प्रमाण वाण, हंगाम आणि ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीनुसार बदलत असल्याने चारही गटांसाठी तेल एकाच घाण्याचे घेऊन त्याचे वायुवर्णलेखनाने पृथक्करण झालेले असावे. आणि वजनवाढ, खाद्य-रूपांतर व मरतूक यांच्या जोडीला लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील व अंधांत्रातील, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशव्यांमधील, थायमॉलचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले जावे. वजनाच्या तक्त्यासोबत हा आकडा आला, तरच इमल्शनने आपले काम केले की पक्ष्यांची वाढ अन्य कारणाने झाली, हे ठरवता येईल.